कडी नसलेलं दार

खिरीत साखर थोडी कमी आहे, एवढंच प्रेमानंद बोलला होता. साक्षीनं पातेलं उचलून भिंतीवर मारलं. सत्तावीस वर्षांची पोरगी. सकाळी "बाबा, तुमच्यासारखं कोणी नाही" म्हणत गळ्यात पडली होती, आणि आता खिडकीत उभी राहून अख्ख्या रिसाली वस्तीला सांगत होती, की हा बाप नाही, कसाई आहे.

प्रेमानंदनं भिंत पुसली. डॉक्टरनं तिच्या मनाच्या आजाराला बॉर्डरलाइन असं नाव दिलं होतं, पण नावानं शिसारी कमी होत नव्हती. आता दहा मिनिटांत ती रडत येणार, पाय धरणार, हे त्याला पाठ होतं. तिचे ते ओले हात त्याला पायाला लागू द्यायचे नव्हते. तो न्हाणीत शिरला आणि आतली कडी चाचपू लागला.

कडी नव्हती. गेल्या साली तिनं इथंच कोंडून घेऊन हात कापला, तेव्हा स्टील प्लांटातून फिटर म्हणून रिटायर झालेल्या प्रेमानंदनं घरातल्या सगळ्या कड्या स्वतःच उखडल्या होत्या.

त्यानं दाराला पाठ लावली आणि नळ सोडला.

दार हललं. "बाबा, दार कावून दाबून ठेवलं?"

"आंघोळ करून राहिलो."

ती बाहेर फरशीवर बसली. मग हळूच बोलली, तो तिला रोज याच दाराबाहेरून म्हणायचा तेच. "मी इथंच बसली आहो. जिवाचं काई करून नोका घेऊ."

प्रेमानंदला स्वतःची किळस आली. पण त्यानं दारावरची पाठ काढली नाही.