पट्टीच्या खालचं हिरवं

दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कोणी विचारलं, "बेटी क्या कर रही है?" की सूर्यकांत कुलकर्णी "बी.एस्सी." म्हणत आणि पुढचा शब्द गिळून टाकत. पुढचा शब्द होता हॉर्टिकल्चर. शेजारी उभ्या असलेल्या क्षिप्राला तो दर वेळी टोचत असे.

बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. झाडांना पाणी घालायला सोसायटीचा माळी आहे, त्यासाठी डिग्री कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. पहिल्या वर्षी क्षिप्रा प्रॅक्टिकलला काठावर पास झाली, तेव्हा घरात तह झाला. दुसऱ्या वर्षी दांडी उडाली, तर मुकाट्याने कोर्स बदलायचा. आईने दोघांपुढे शिऱ्याच्या वाट्या ठेवून तह पक्का केला.

यंदा प्रॅक्टिकल गुलाबाचं होतं. रानगुलाबाच्या खुंटावर सालीत चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सहापैकी चार डोळे फुटले तर पास. कॉलेजच्या रोपवाटिकेत माकडांनी धुडगूस घातला म्हणून मॅडमनी कुंड्या घरी न्यायला सांगितल्या. आणि नेमकी फेब्रुवारीत दहा दिवसांची हिमाचलची सहल निघाली, सफरचंदाची छाटणी बघायला. आई पुण्याला मावशीकडे गेलेली. म्हणजे कुंड्या सांभाळायला उरले बाबा, आणि डोळे फुटले नाहीत तर फायदा त्यांचाच होता.

पण बाबांना कामचुकारपणा कधी जमलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येऊ लागले. खुंटांना फुटवे आले होते. बाबा त्यांच्याशेजारी ऑफिसातली मोजपट्टी धरून फोटो काढत आणि खाली लिहीत, 'गुड ग्रोथ'. पुण्याहून मावशी अंगठे पाठवत होती.

चौथ्या दिवशी बर्फाच्या कडेला उभं राहून क्षिप्राने फोटो मोठा करून पाहिला. एकूण एक फुटवा प्लास्टिकच्या पट्टीच्या खालून आला होता. सगळा रानगुलाब. तोच सगळा रस पिऊन टाकत होता, आणि वरचे डोळे उपाशी होते.

तिने फोन लावला आणि पट्टीखालचं सगळं आजच्या आज कापायला सांगितलं.

"अगं, मी वाढवलंय ते," बाबा म्हणाले.

ती समजावत राहिली, ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, असं तोंडी नको, लेखी पाठव. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि लिहून पाठवलं, 'पट्टीच्या खालचं सगळं हिरवं काढून टाकावे.' तासाभराने त्याच मेसेजची प्रिंट काढून, खाली सहीनिशी शेरा मारून, फोटो आला. 'वाचले. सहमत नाही. अंमल करतो.'

त्यानंतर फोटो बंद. सहा दिवस ग्रुपवर चिडीचूप. बाबांनी कापलं की नाही, की रागावून कुंड्या उन्हात ठेवून दिल्या, या विचाराने क्षिप्राला सफरचंदाची छाटणी धड दिसलीच नाही.

परत आली ती बूट न काढता थेट बाल्कनीत गेली. खुंट खालून स्वच्छ होते. आणि पट्टीच्या फटीतून, सहापैकी पाच कुंड्यांत, लालसर, तुकतुकीत कोंब बाहेर आले होते. ती खालीच बसली. इतका आनंद तिला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग तिला कोपऱ्यातले दह्याचे रिकामे डबे दिसले. प्रत्येकात माती, आणि मातीत खोचलेला एकेक कापलेला फुटवा. काही माना टाकून पडले होते, दोन मात्र ताठ होते.

"फेकवेना मला," बाबा दारातून म्हणाले. चेहरा असा, की जणू मेमोच मिळणार.

क्षिप्रा हसत सुटली. तिने सांगितलं की खुंट असेच तयार करतात, फांद्या खोचून. हे दोन जगले तर पुढच्या वर्षीचे डोळे यांच्यावरच बसवायचे. बाबांनी चष्मा पुसला आणि आपल्याला तशी कल्पना होतीच, असं म्हणाले. तिला ते पटलं नाही.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलला पाचही डोळे पास झाले. कुंड्या परत आणताना बाबा मेट्रो स्टेशनवर घ्यायला आले. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे सक्सेनाजी भेटले, कुंड्यांकडे बघून म्हणाले, "बेटी क्या कर रही है आजकल?"

"हॉर्टिकल्चर," बाबा म्हणाले. नुसतं तेवढं नाही. कुंडी सक्सेनाजींच्या नाकासमोर धरून ते चीर कुठे द्यायची, पट्टी कशी गुंडाळायची आणि पट्टीच्या खालचं हिरवं कितीही आवडलं तरी का कापायचं, हे हिंदीतून समजावू लागले. दार उघडलं, बंद झालं. आपला मजला मागे पडला, पण क्षिप्राने त्यांना थांबवलं नाही.