चासीवरचा नंबर

"आता चासी नंबर दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाला आणि सिद्धेश्वरीला हायसं वाटलं. एवढं एकच काम राहिलं होतं.

बाकी सगळ्यात ती पास झाली होती. अर्धा तास त्या तरुण इन्स्पेक्टरनं जीपभोवती फिरून ब्रेक दाबायला लावले, दिवे लावायला लावले, हॉर्न वाजवायला लावला, आणि चौपन्न वर्षांची ही बाई हिरवं इरकल नेसून, पदर कमरेला खोचून सगळं करून दाखवत होती. आरटीओच्या मैदानात आलेली माणसं आपापल्या गाड्या सोडून बघत उभी राहिली होती. जीप एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. तिची नोंदणी संपून अकरा वर्षं झालेली, त्यामुळे सकाळी टेम्पोत चढवून आणावी लागली. आज कागद झाला की ती स्वतःच्या चाकांवर घरी जाणार होती आणि उद्या नवऱ्याला, बसवेशला, शेजारी बसवून अक्कलकोटला. पुढच्या सीटवर नारळसुद्धा आणून ठेवला होता.

प्रभु पेन्सिल आणि कागद घेऊन जीपखाली शिरला. प्रभु गॅरेजवाला, बसवेशला अण्णा म्हणणारा आणि म्हणून तिला अक्का म्हणणारा. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडात नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे कागदावर उमटतात. तो छाप फाइलला लागतो. दोन मिनिटांचं काम.

पाच मिनिटांनी प्रभु बाहेर आला. कागद नुसता काळा झाला होता. त्यावर आकडा नव्हता, आकड्याची काडीसुद्धा नव्हती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "उजव्या बाजूला, पुढच्या चाकामागं, हितं कुनी घासलं?"

"मीच की," सिद्धेश्वरी म्हणाली. बोलताना थोडी ताठसुद्धा झाली. "लई गंजलं होतं तितं. चार दिवस लागले मला."

प्रभुनं कपाळाला हात लावला. "नंबर तितंच हुता, अक्का."

आता हे सांगायलाच हवं, की तीस वर्षं ही बाई त्या पत्र्याच्या शेडमध्ये फिरकली नव्हती. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरामागं बसवेशची शेड. आठवडाभर बेअरिंगचं दुकान सांभाळायचं आणि रविवारी भंगारातून आणलेलं एखादं जुनं धूड उघडून बसायचं, हा त्याचा छंद. सिद्धेश्वरी त्या गाड्यांना सवत म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, वागवायचीही तशीच. जेवण झालं की स्वयंपाकघराच्या दारातून ताट वाजवायचं, पण शेडपर्यंत हाक मारायला जायचं नाही. बसवेश एकदोनदा म्हणाला होता, "ये की बगायला, मस्त चाललीय." ती म्हणाली होती, "माजी भांडी बी मस्तच हायत, तुमी या बगायला." त्यानंतर त्यानं विचारलं नाही. शेडमध्ये बसायला एकच स्टूल होतं.

मग चौदा महिन्यांपूर्वी बसवेशला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, हृदयच दमलंय, एखादं वर्ष म्हणा. घरी आणल्यावर तो जेवेना, कुणाकडं बघेना. खिडकीतून शेडचा पत्रा तेवढा बघायचा. एके दिवशी ती चिडली, चाकांची खुर्ची ढकलत त्याला शेडमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "घ्या, बसा हिच्याजवळ." अर्धवट उघडलेल्या जीपच्या बॉनेटवर त्यानं डावा हात ठेवला आणि तो रडला. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं.

पुढं काय झालं ते गल्लीला माहीत आहे. बसवेश बोट दाखवायचा, ती काम करायची. नट कितीचा आहे ते तो नुसतं बघून ओळखायचा आणि डाव्या हातानं पत्र्याच्या ट्रेमधून नेमक्या मापाचा पाना काढून द्यायचा, चार सुती, पाच सुती. वेल्डिंग आणि इंजिन उतरवायचं तेवढं प्रभुकडं. घासायचं, रंगवायचं, आवळायचं सगळं हिच्याकडं. आणि घासायचं म्हटलं की बाईच्या अंगात यायचं. जिच्या घरच्या पितळेच्या तांब्यात पाहुण्यांना तोंड दिसतं, ती गंज कशी ठेवील? तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर, शेवटी हात. लोखंड आरशासारखं झाल्याशिवाय ती त्यावर रंग चढवत नसे. प्रभुला तिनं चासी दाखवली ती रंग वाळल्यावरच.

"बाई," इन्स्पेक्टर आता म्हणत होता, आणि त्याचा आवाज वाईट नव्हता, "तुमच्या मनात काही नसेल. पण नंबर घासलेला दिसतोय. कागदाच्या दृष्टीनं ही जीप कुणाची, ते मला सांगता येत नाही."

"गाडीच्या पुस्तकात हाय की नंबर."

"पुस्तक आहे, पण जीप तीच कशावरून? प्रयोगशाळेचा अहवाल लागेल, पोलिसांचा दाखला लागेल. मूळ नोंदणी कर्नाटकातली आहे, तिथलं जुनं रजिस्टर शोधावं लागेल."

"किती दिवस?"

"वर्ष धरून चला. आणि तोवर रस्त्यावर आणू नका. घासलेला नंबर म्हटलं की गाडी चोरीची धरतात. जप्त झाली तर सुटणार नाही, भंगारात जाईल."

वर्ष. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी जेवढं दिलं होतं, ते तर केव्हाच संपलं होतं. बसवेश उसन्या दिवसांवर जगत होता.

ती इरकलसकट जीपखाली शिरली. प्रभु "अक्का, नगा," म्हणत राहिला. तिनं टेम्पोवाल्याकडून थिनर मागून घेतला, पदराच्या टोकानं रंग पुसून काढला, बोटांची आग झाली तरी पुसत राहिली. खाली पांढरंशुभ्र लोखंड. पेन्सिल घासली, कागद फाटला, दुसरा घेतला. मग डाव्या बाजूला, मग मागं, जिथं नंबर असणं शक्यच नव्हतं तिथंही. एखादा आकडा तरी राहू दे, एकच राहू दे, असं ती पुटपुटत होती. कुणाला म्हणत होती कोण जाणे, तिचं तिलाही कळत नव्हतं. शेवटी दमून तिनं त्या गुळगुळीत जागेवर तळहात टेकला आणि तशीच पडून राहिली.

आणि तिला दुसरा तळहात आठवला.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. ती ग्राइंडर चालू करून याच जागी आली होती. बसवेश खुर्चीतून इतका वाकला, की पडतोय की काय असं वाटलं. डावा तळहात त्यानं बरोबर इथं ठेवला आणि घशातून आवाज काढू लागला. हात भाजेल, कापेल, म्हणून तिनं तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं परत ठेवला. तिला वाटलं, इथला गंज निघाला नाही म्हणून दाखवतोय. "बगितलं ओ, घासते की," ती म्हणाली होती. "एवडा काय जीव टाकताय?" तिसऱ्यांदा त्यानं हात ठेवला तेव्हा तिनं खुर्चीच मागं ओढली आणि चाकाला वीट लावली. मग चार दिवस मन लावून घासलं. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून पाना पुढं केला, तेव्हा तिला वाटलं, राग गेला.

जीपखाली पडल्यापडल्या सिद्धेश्वरीनं तोंडात पदर कोंबला.

जीप परत टेम्पोत चढली. वाटेत प्रभु म्हणाला, "अक्का, आकडे ठोकायचे पंच हायत माज्याकडं. पुस्तकातलाच नंबर ठोकायचा. खोटा थोडाच हाय?"

"त्या साहेबानं मोकळी जागा बगितलीय."

"साहेब बदलतात की."

तिनं नाही म्हणून मान हलवली. मोह झाला नाही असं नाही. होटगी रोडच्या सिग्नलपर्यंत ती त्याच विचारात होती. पण बसवेशनं तीस वर्षांत अकरा गाड्या उभ्या केल्या, त्यातली एकही कागदाशिवाय गेटबाहेर काढली नव्हती, आणि ठोकलेल्या खोट्या नंबरावर त्याचं बोट एकदा फिरलं असतं तरी त्याला कळलं असतं. घरी पोचल्यावर प्रभुनं बॅटरीचं ॲसिड लावून बघितलं. घासलेला नंबर कधीकधी त्यानं वर येतो, असं त्यानं ऐकलं होतं. तीनदा लावलं. एकदा अर्धं वर्तुळ दिसल्यासारखं झालं, तिनाचं असेल किंवा आठाचं, आणि ओलं होतं तोवरच दिसलं. तिनं फार खोल घासलं होतं. प्रभु मान खाली घालून निघून गेला.

शेजारची नागम्मा बसवेशजवळ बसली होती. तिला घरी पाठवून सिद्धेश्वरीनं त्याची खुर्ची शेडमध्ये आणली. त्यानं आज पांढरा सदरा घातला होता, टोपी घातली होती. तिनंच सकाळी घातली होती. तो जीपकडं बघत होता, तिच्याकडं बघत नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईनं त्याला खूण शिकवली होती. हो म्हणायचं असेल तर खुर्चीच्या हातावर एकदा बोट वाजवायचं, नाही म्हणायचं असेल तर दोनदा. एवढीच भाषा त्यांच्याजवळ होती.

"नंबर गेला ओ," ती म्हणाली. "म्या घासला."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमाला ठावं होतं."

एकदा वाजलं.

"त्याच दिवशी? हात ठेवला तवाच?"

एकदा.

ती स्टुलावर बसली. "मग खूण शिकल्यावर तरी सांगायचं. एवडे महिने. माजं मन मोडंल म्हून?"

दोनदा.

"तरी बी कागद हुईल, आसं वाटलं?"

दोनदा.

आता मात्र तिचा तोल गेला. "मग कशापायी राबवलं मला? हाताची सालं निगाली. बायका हसल्या. म्या रोज तुमाला अक्कलकोट अक्कलकोट म्हनत हुते, आन तुमी पानं देत बसला? जायचंच न्हवतं का तुमाला?"

दोनदा. जायचं होतं. ते तिला त्याच्या डोळ्यांतही दिसलं, आणि तिचा राग जागच्या जागी मेला.

"मग काडू का उद्या तशीच? काय हुतंय ते हुईल."

दोनदा, जोरात. जीपकडं त्यानं अशी नजर टाकली, की जप्तीचं आणि भंगाराचं तिनं सांगायची गरज राहिली नाही.

पत्र्यावर ऊन तापत होतं. शेडच्या मातीत खुर्चीच्या चाकांचे दोन चर पडले होते, त्यांच्या शेजारी तिच्या स्टुलाचे चार खड्डे. रोज त्याच जागी बसल्यानं पडलेले. तीस वर्षं इथं एकच स्टूल होतं, हे तिला आज पहिल्यांदा मोजल्यासारखं दिसलं. ती त्याच्याकडं वळली.

"काम थांबलं आसतं, तर मी परत आत गेले आसते. म्हून?"

बोट वर उचललेलं तसंच राहिलं. मग ते खाली आलं, एकदाच, आणि पुन्हा उचललं गेलं नाही.

सिद्धेश्वरीनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडली. वाया गेलेल्या वर्षासाठी नव्हे. त्याआधीच्या तीस वर्षांसाठी रडली, दारातून ताट वाजवलेल्या प्रत्येक रविवारासाठी. त्याचा डावा हात तिच्या केसांवर होता. हात जड होता आणि गार पडत चालला होता, हल्ली दुपारनंतर तो तसाच पडायचा. किती दिवस राहिले ते विचारायला दोघांच्या भाषेत शब्द नव्हता, आणि बरंच होतं ते.

उन्हं कलली तशी ती उठली. तोंड धुतलं, सीटवरचा नारळ उचलून फळीवर ठेवला आणि जीपचं बॉनेट उघडलं.

"सकाळी चालू केली तवा कार्बोरेटर जरा घरघरत हुता," ती म्हणाली. कार्बोरेटर अजिबात घरघरत नव्हता, घड्याळासारखा चालत होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. "उगडायचा का सगळा?"

एकदा.

ती स्टुलावर बसली आणि मागं न बघता हात पुढं केला. ट्रेमध्ये लोखंड बराच वेळ वाजत राहिलं, हल्ली त्याला शोधायला वेळ लागायचा. ती थांबली. मग तिच्या सोललेल्या तळहातावर त्यानं चार सुती पाना ठेवला, आणि तिनं पहिला नट सोडवायला घेतला.