नमो मरियेचा उत्तरार्ध

सकाळी सहाला बेलार्मिनो लेग्वेने चुलीत दोन लाकडं सरकवली, किटली चढवली आणि खिडकीची वाफ बाहीने पुसून खाडीकडे पाहिलं. ओहोटी पुरी होत आली होती. म्हणजे साडेनऊपर्यंत किनाऱ्याच्या वाळूवरून चालत जाता येणार होतं आणि टेकडीचा वळसा वाचणार होता. त्याने दाढी केली, बुटांना चरबी चोळली, जपमाळ कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग नेहमीप्रमाणे चुलीजवळच्या बाकावर बसून बटाटे सोलायला घेतले. समोर त्याची बायको नोल्फा किसलेला बटाटा फडक्यात घट्ट पिळत होती.

बेलार्मिनो गावाच्या चॅपेलचा फिस्काल होता. बेटावर पाद्री वर्षातून चार वेळा होडीने यायचा. उरलेल्या दिवसांतली प्रार्थना, सण आणि मूठमाती फिस्कालने सांभाळायची, अशी रीत. एकतीस वर्षं तो ते काम करत होता. सध्या खाडीपलीकडे एर्मेलिंदा बार्रियाच्या घरी नऊ दिवसांची माळ चालू होती. शहरातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. आजचा चौथा दिवस होता.

काल निघताना एर्मेलिंदाच्या मुलीने, मारित्साने, त्याला फाटकाशी गाठलं होतं. तिच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता होता.

"पाद्रिनो, एक मागणं आहे. नमो मरियेच्या शेवटी ते मरण येतं ना, ते उद्यापासून नको. 'आता' म्हणायचं आणि थांबायचं. शेजारणींना सांगून ठेवलंय मी."

"अगं, प्रार्थना आहे ती. आपण कोण कापणारे?"

"मग राहू दे. चौथ्या दिवसापासून येऊच नका. मी आईला काहीतरी सांगेन."

"बघतो," एवढंच तो म्हणाला होता.

आता बटाटा सोलता सोलता त्याने अख्खी प्रार्थना पुटपुटून पाहिली आणि त्याचा सुरीचा हात थांबला. एकतीस वर्षांत लोकांसमोर त्याने फक्त पहिलाच भाग म्हटला होता. नमो मरिये, कृपेने भरलेल्या, इथपासून येशूच्या नावापर्यंत फिस्कालचा. पवित्र मरिये, देवाच्या आई, इथून पुढचा लोकांचा. 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या घटकेला.' ज्या शब्दांवरून वाद होता, ते त्याने कुणाच्याही उशाशी कधी उच्चारलेच नव्हते. नुसते ऐकले होते.

"बटाट्यांना बाप्तिस्मा देताय का?" नोल्फाने विचारलं.

"नोल्फा, दोनच वेळा का मागितल्यात गं? आता, आणि मरणाची घटका. मधलं काहीच नाही. लग्न, पोरंबाळं, वादळात सापडलेली होडी..."

"मधलं सगळं 'आता'च असतं की. मी तुमच्या गळ्यात पडले तेही तेव्हा 'आता'च होतं. कुणी जोरात विनंती केली असती तर सुटले असते."

तो हसला, पण विचार सुटला नाही. रोज माणूस दोन वेगळ्या वेळा मागतो आणि एक दिवस त्या दोन्ही एकच होतात. एर्मेलिंदाचा तो दिवस जवळ आला होता, आणि नेमका आत्ताच शेवट गाळायचा?

ओल्या वाळूवरून तो वेळेत पोचला. चुलीच्या खोलीतच खाट आणली होती. बाकावर तीन शेजारणी होत्या. मारित्सा खाटेकडे पाठ करून चुलीशी उभी होती. बेलार्मिनो उशाशी खुर्चीवर बसला आणि त्याने सुरुवात केली. बायकांनी उत्तर दिलं आणि त्या 'आता'वर गप्प झाल्या. अंधारात एक पायरी चुकावी तसं त्याला झालं. दुसऱ्या मण्याला तेच. तिसऱ्याला एर्मेलिंदाने डोळे उघडले. मुलीच्या धर्मपित्याला ती कोम्पाद्रे म्हणायची, तो तिला कोमाद्रे.

"कोम्पाद्रे, थांबा जरा. या बायांना शेवट विसरायला झालं का?"

"घसा बसलाय," बाकावरची ओतिलिया म्हणाली.

"तिघींचा? एकाच शब्दाला?"

ओतिलियाला हसू आवरेना. मारित्सा न वळताच म्हणाली, "आई, तू दमतेस म्हणून आखूड केलंय."

"मी पडून आहे गं, दमतेस तू." एर्मेलिंदाने श्वास घेतला. चॅपेलमध्ये उत्तर देणाऱ्यांच्या पहिल्या बाकावर ती चाळीस वर्षं बसली होती. "तुझ्या बापाच्या उशाशी म्हटलं मी ते. ओतिलियाच्या सासूच्याही. आणि माझी वेळ आली तर ते बरणीत भरून ठेवता?"

"मला तोंडाने म्हणवत नाही, आई."

"नको म्हणूस." मग ती बेलार्मिनोकडे वळली. "पडल्या पडल्या मी तेच शोधत होते, कोम्पाद्रे. आपण 'आमच्या मरणाच्या' म्हणतो. त्या आजारी बाईच्या, असं नाही म्हणत. त्या एका शब्दात तुम्ही सगळे माझ्याजवळ असता. ते गाळलंत की तिथे मी एकटीच उरते."

बेलार्मिनोने मारित्साच्या पाठीकडे पाहिलं. शेजारणींना तो एका शब्दाने पुन्हा म्हणायला लावू शकला असता. फिस्कालचं त्या मोडत नसत. पण मग त्याच्या धर्मकन्येला तिच्याच घरात, तिच्या शब्दाविरुद्ध, ते मण्यामण्याला ऐकावं लागलं असतं तिघींच्या तोंडून. आणि न म्हणावं तर ही बाई एकटी.

तो खुर्चीवरून उठला. माळेचा क्रूस त्याने एर्मेलिंदाच्या हातात दिला आणि तो ओतिलियाशेजारी, उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला. बायका जागा करत सरकल्या.

"कोमाद्रे, आज पहिला भाग तुमचा," तो म्हणाला. "दुसरा मी एकटा म्हणेन."

"फिस्काल उत्तर देतो होय कधी?" ओतिलिया कुजबुजली.

"आज देतो."

एर्मेलिंदाने तुटक श्वासात पहिला भाग म्हटला. येशूच्या नावापाशी ती थांबली आणि तिने वाट पाहिली. बेलार्मिनोने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या उशाशी तो भाग शेवटपर्यंत म्हटला. मरणाच्या शब्दाशी त्याने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

चुलीवर किटली खदखदत होती. मारित्साने ती फडक्याने धरून बाजूला ठेवली, म्हणजे ऐकायला अडचण नको. एर्मेलिंदाने पुढचा मणी धरला.