बत्तिसावा ईस्टर

सिग्नीने तिसरी डिस्क सर्व्हरमध्ये सरकवली आणि श्वास रोखला. पडद्यावर पुन्हा लाल ओळ उमटली: सॉफ्टवेअरचं एक पॅकेज कमी आहे. नाव तेवढं या वेळी निराळं.

"मेल्या, एकदाच सांग ना सगळं!" तिने टेबलावर मूठ आपटली.

धरणाचे दरवाजे ज्या यंत्राच्या हाती, त्याला इंटरनेटचं वारंही लागू द्यायचं नाही, असा नियम. हवं ते खाली गावातल्या ऑफिसात उतरवायचं, तपासून डिस्कवर घ्यायचं आणि बर्फातून घाट चढून आणायचं. जाऊन-येऊन दीड तास. उद्यापासून ईस्टरची सुट्टी. सॉफ्टवेअर आज बसलं, की दरवाजे आपोआप चालणार. सुट्टीत इथे कुणी बसायचं कारण उरणार नव्हतं. यंदाच नव्हे, कधीच.

एकतीस ईस्टर इथे दरवाजे सांभाळत ओडवार बसले होते. त्यांनी सोललेलं संत्रं तिच्यापुढे सरकवलं.

"पोरी, सामानाची यादी कोण करतं?"

"ऑफिसचं मशीन. जे नाही, तेवढंच उतरवतं."

"नाही म्हणजे कुणाकडे नाही?"

"म्हणजे?"

"डोंगरातल्या घरी जाताना गावातलं फडताळ बघून सामान भरलं, तर मीठ राहणारच. इथे आहे की, म्हणून."

सिग्नीचा हात संत्र्यावरच थांबला. ऑफिसच्या मशीनवर जे जे आधीच होतं, ते ते मागे राहिलं होतं. आणि हा सर्व्हर तर कोरा.

"गाढव आहे मी. सकाळपासून नुसती घाट चढतेय!"

ओडवारांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कमी असलेल्या पॅकेजांची पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं. सर्व्हरवर काय आहे, काय नाही, एकेक ताडून पाहिलेलं.

"हे कधी केलंत?"

"तू दुसऱ्या फेरीला गेली होतीस तेव्हा."

"आणि तरी मला तिसऱ्यांदा पिटाळलंत?"

खिडकीपाशी जाऊन त्यांनी पाण्याची पातळी वाचली आणि वहीत उतरवली, एकेक आकडा सावकाश गिरवत.

सिग्नीचा राग ओठांवर आला होता. तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दोनच वाजले होते. अजून एक फेरी सहज झाली असती.

तिने कागद खिशात घातला आणि ऑफिसला फोन लावला.

"सिग्नी बोलतेय. नाही, आज काही बसत नाही. सुट्टी संपल्यावर येते. हो, ओडवार आहेत ना इथे."

तिने फोन ठेवला.

"कॉफी टाकू?" ओडवारांनी विचारलं. त्यांनी मागे वळून मात्र पाहिलं नाही.