गढूळ पाझर

“बाबा, माझी साखरेची बरणी घेऊन चिखलात काय बसलाय?”

लेक मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या बापाने, कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या दरवाजेवाल्याने, मान वर केली नाही. बरणीत पाणी भरून त्याने ती दगडावर ठेवली आणि गाळ बसायची वाट बघू लागला.

अंगण संपलं की लगेच भराव सुरू व्हायचा. दोन पुरुष उंच, गवताने झाकलेला. आणि त्याच्या माथ्यावरून कालवा वाहायचा. ज्यांना राहायला वर जागा नव्हती त्यांची चाळीस घरं खाली, आणि पाणी त्यांच्या छपरांच्या वर. अशी वसाहत वसवणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही.

“काल पाझर नितळ होता,” तो म्हणाला. “आज बघ.”

बरणीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. मातीचा भराव थोडाफार पाझरणारच, त्याने कुणाचं वाकडं होत नाही. पण पाझर गढूळ झाला की समजायचं, पाणी भराव आतून खायला लागलंय.

“ताई, आजचा दिवस मावशीकडे जा.”

“आज? आज हे मोठ्या साहेबांच्या शेजारी बोटीवर उभे राहणार, आणि मी मावशीकडे जाऊन बसू?”

“जा म्हणतो ना.”

“तुम्हाला ना, त्यांचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही.” तिने ओला टॉवेल असा झटकला की शिंतोडे बापाच्या तोंडावर उडाले.

त्याने तोंड पुसलं. धारेत मनगट धरून बघितलं. सकाळी धार अंगठ्याएवढी होती. आता मनगटाला आली होती.

त्याच्या आजाचा बाप या कालव्यावर खपला होता. दोन बंदरांच्या मध्ये खडकाळ भूशिर होतं. त्याला वळसा घालताना जहाजं फुटायची, माल बुडायचा, म्हणून मालवाल्यांनी जमीन चिरून सरळ पाणवाट काढली. कालव्याच्या तोंडाशी दगडात नावं कोरली आहेत, ज्यांनी पैसे घातले त्यांची आणि ज्यांनी नकाशे काढले त्यांची. भरावाच्या पोटात चिकणमातीचा जाड पडदा आहे, तो बायकांनी आणि बैलांनी पायांनी तुडवून तुडवून बसवला. बारा वर्षं. त्या बायकांची नावं कुठे नाहीत, बैलांचीही नाहीत. दोघांची किंमत सारखीच धरली होती. पण दीडशे वर्षं पाणी अडलंय ते त्या पडद्यामुळे, दगडातल्या नावांमुळे नाही.

म्हणून कालव्यावरच्या माणसांत एक रीत होती. भरावाच्या माथ्यावर काही ठोकायचं नाही. झाड नाही, तंबू नाही, शेळीची खुंटीसुद्धा नाही. ही रीत कागदावर नव्हती. म्हणून ती साहेबांना माहीत नव्हती.

पुढे माल ट्रकने जायला लागला आणि कालव्यात शेवाळ राहिलं. आता कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्यातून पाहुण्यांची बोट फिरवायची. भराव सजवला, बाकं टाकली, आणि माथ्यावर साठ दिव्यांचे खांब रोवले. एकेका खांबाला छातीएवढा खड्डा. खाली चिकणमाती लागली तेव्हा मजूर थांबले होते. दरवाजेवाला धावत गेला होता, हातापाया पडला होता. ज्या साहेबाने ‘खणा’ म्हटलं तो त्याचा जावई होता.

घरी जावईबापू आणि कामावर साहेब. दोन्हीकडे मान यानेच झुकवायची.

दुपारी जावई दरवाज्याजवळच्या केबिनमध्ये आला. नवा शर्ट, कपाळावर घाम.

“पाणी अजून वर घ्या. बोट जड आहे, तळ घासेल.”

“साहेब, भरावाच्या माथ्याखाली दीड हात मोकळा ठेवायचा असतो. आत्ताच वीतभर उरलाय. आणि खाली गढूळ पाझर लागलाय.”

“उंदराचं बीळ असेल.”

“बरोबर चौदाव्या खांबाखाली बरं उंदराला जागा सापडली.”

जावयाने पाय मागे ओढले. त्यावरून दरवाजेवाल्याला कळलं की गडी सकाळीच स्वतः जाऊन बघून आलाय. त्याच्या बुटांना पाझराखालचाच पिवळा चिखल होता.

“तीन तास,” जावई म्हणाला. “बोट पुढे गेली की संध्याकाळी पाणी उतरवू, खांब उपटू, तुम्ही म्हणाल ते करू. आज थांबवलं तर मी संपलो. मोठे साहेब सगळं माझ्या नावावर टाकतील.” मग आवाज खाली आला. “माझंही घर तिथंच आहे, बाबा.”

कामाच्या जागी तो पहिल्यांदाच बाबा म्हणाला होता. तीन तास म्हणजे काय, म्हाताऱ्याने मनात म्हटलं. भरावाने दीडशे वर्षं काढली.

“आणि ताई?”

“तिची काळजी नको. तिला बोटीवर घेतलंय मी.”

“बोटीवर?”

“हो. आत्ताच निरोप पाठवला. तयार होतेय.”

दरवाजेवाला त्याच्याकडे बघत राहिला.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे,” तो हळूच म्हणाला. “मग बाकीच्या एकोणचाळीस घरांनाही घ्या बोटीवर.”

“उगाच काहीतरी बोलू नका.”

“नाहीतर घरोघर जाऊन सांगा, बाहेर पडा म्हणून. तेवढं तरी करा.”

“आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर गोंधळ घालू? तुम्ही फक्त दरवाजे सांभाळा. बाकीचं बघायला माणसं आहेत.” जावई फोन कानाला लावून निघून गेला.

बाकीचं बघायला माणसं आहेत. हे वाक्य आजाच्या बापालाही कुणीतरी ऐकवलं असणार.

बोट आली तेव्हा ऊन कललं होतं. पांढऱ्या खुर्च्या, गळ्यात हार घातलेले साहेब, कर्ण्यावर कुणाचं तरी भाषण. पुढच्या रांगेत लेक होती, लग्नातल्या साडीत. बापाला बघून तिने सकाळचं सगळं विसरून हात हलवला.

त्यानेही हलवला. मग तो केबिनमागे सांडव्यावर गेला. तिथून जादा पाणी नदीत सोडता येतं. चक्राला दोन्ही हातांनी भिडला. चक्र गंजलेलं होतं, पण फिरलं.

पाणी नदीकडे झेपावलं त्या आवाजात भाषण बुडालं. अर्ध्या तासात कालवा कंबरभर उतरला. बोट आधी थबकली, मग गाळात रुतून एका कुशीवर कलली. खुर्च्या घसरल्या, हार घसरले. कुणी बुडालं नाही, बुडायला पाणीच उरलं नव्हतं. पाहुण्यांना फळ्या टाकून, गुडघाभर चिखलातून काठावर आणलं. लेक साडी आवळून सर्वांत शेवटी उतरली. ती बापासमोरून गेली आणि तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

खाली, चौदाव्या खांबाखाली, धार बारीक झाली आणि थांबली.

आणि यातच त्याचा घात झाला. भराव फुटला असता तर निदान त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. भराव फुटला नाही, म्हणून त्याने केलेलं सगळं वेडेपण ठरलं. चौकशी झाली. ‘पिऊन होता’ असं लिहिलं गेलं. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाने तो कागद वाचला, घडी घालून परत दिला. नोकरी गेली, दरवाज्याजवळची सरकारी खोली गेली. जावयाची बढती रोखली. भोकावर बाहेरून सिमेंट थापलं, दुखणं आत आणि पट्टी बाहेर. खांब तसेच राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा बोट यायची ठरली.

म्हाताऱ्याने बिऱ्हाड हलवलं. एक हातगाडी पुरली. लेकीच्या घराला लागून, भरावाला पाठ लावून असलेली शेवटची खोली त्याने घेतली. स्वस्त होती, कारण तिथे ओल असायची.

तो खाट आत ओढत होता, तेव्हा लेक भिंतीपाशी येऊन उभी राहिली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

“गावात दुसरीकडे खोल्या नव्हत्या?”

“होत्या.”

“मग माझ्या उरावर इथंच कशाला?”

वर नव्या दरवाजेवाल्याने चक्र फिरवायला घेतलं होतं. करकर ऐकू येत होती. पाणी पुन्हा चढवत होते.

“मला पाझर कळतो,” तो म्हणाला. “रोज बघत जाईन. हाक मारली तर तुला ऐकू येईल.” त्याने खाटेचं डोकं भरावाकडच्या भिंतीला टेकवलं. “तू मागच्या खोलीत झोपू नकोस. पुढच्या खोलीत झोपत जा, दाराजवळ.”

ती आत गेली आणि मागचं दार लावून घेतलं.

तो अंथरूण घालत होता. वरची करकर चालूच होती. बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून दुसरा एक आवाज आला, जड, थांबत थांबत येणारा. लेक एकटीच आपला पलंग पुढच्या खोलीकडे ओढत होती.