माझ्या पोटातला हिरवा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. आता लगेच शर्टाचं बटण लावणारी सुई डोळ्यांसमोर आणू नका. ती बिचारी माझ्या करंगळीएवढीही नाही. मी चांगली वीतभर लांब आहे, बांबूची आहे आणि माझं टोक कुणाला टोचत नाही. माझ्या पोटात एक जीभ आहे. तिच्याभोवती दोरा गुंडाळून माझं पोट भरतात आणि मग मी जाळं विणते, फाटलं तर सांधते. अंधेरीला, वेसाव्याच्या कोळीवाड्यात सीताराम नावाच्या कोळ्याने मला तासून घडवलं, त्याला साठ वर्षं तरी झाली असतील. अचूक वय मी सांगत नाही. विचारूही नका.

सीतारामनंतर मी त्याच्या मुलाच्या, धाकूच्या हातात आले. धाकूने माझ्याकडून आधी सुताची जाळी विणून घेतली आणि नायलॉन आलं तशी नायलॉनची. भर समुद्रात जाळं फाटलं की होडीवरचे सगळे माझ्या नावाने ओरडायचे आणि सांधून झालं की मला साफ विसरायचे. पण धाकू विसरायचा नाही. त्याच्या घरात एक नियम होता. सुई रिकामी ठेवायची नाही. काम संपलं की आधी सुईचं पोट भरायचं, मग आपलं.

"जालं काय तुला इचारून फाटणार हाय?" असं तो म्हणायचा.

पुढे तयार जाळी मिळू लागली, धाकूचे गुडघे कुरकुरू लागले, आणि मी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडले. पोट भरलेलं, पण हाताला काम नाही. त्या डब्यातून मला उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर काढायची ती एकटी नेत्रा, धाकूची नात. धाकूने तिला दोन गाठी शिकवल्या. एक जाळ्याची, जी जीव गेला तरी सुटत नाही. दुसरी होडी धक्क्याला बांधायची, जिचं एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी होते. पोरीने दोन्ही गाठी अशा उचलल्या की धाकूची छाती फुगली.

नेत्रा मोठी झाली, पार्ल्याच्या कॉलेजात प्राण्यांचा अभ्यास करू लागली, आणि एक दिवस मोबाईल नाचवत घरात शिरली. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका अभयारण्यात प्राणी वाचवण्याच्या कामाला दोन महिन्यांसाठी स्वयंसेवक हवे होते. पोरगी नुसती उडत होती. अर्ज भरता भरता मात्र ती एका ओळीवर अडली. 'हाताने करता येणारं एखादं काम लिहा.'

"आई, काय लिहू गं? मला काय येतं?"

"मोबाईल येतो," नेत्राची आई सुगंधा म्हणाली. ही बाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, आणि तिच्या नावावरून हसणाऱ्यांना तिने केव्हाच गप्प केलं आहे.

खाटेवरून धाकूचा आवाज आला. "जालं इणतेस ना गो. लिही."

"आजोबा, जंगल आहे ते! तिथे जाळ्याला कोण विचारतंय?"

"लिही तर."

नेत्राने लाजत लाजत लिहिलं. आणि काय सांगू मित्रांनो, तीन आठवड्यांनी तिकडून फोन आला, तोही चेहरा दिसणारा. त्यांनी तिच्या मार्कांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की जाळं खरंच विणता येतं का? नेत्राने डब्यातून मला काढलं आणि त्यांच्यासमोर चार गाठी मारून दाखवल्या. तिची निवड झाली. तिच्या किंकाळीने शेजारचं मांजर कौलावरून पडलं. मला तर त्या दिवशी पुन्हा बांबूच्या बेटात उभी असल्यासारखं वाटत होतं.

निघायच्या दिवशी धाकूने माझ्या पोटात नवा निळा दोरा भरला आणि मला नेत्राच्या हातात ठेवलं. "भरून नेतेस, भरूनच आण. रिकामी आणलीस तर दारात उभी करणार नाय."

मग मी विमानात बसले. म्हणजे नेत्रा बसली, मी तिच्या बॅगेत होते. सुगंधाने गुपचूप कोंबलेली सुक्या जवळ्याची पुडी माझ्या शेजारी होती, त्यामुळे परक्या ठिकाणी चालले आहे असं मला काही वाटलं नाही.

त्या अभयारण्यात जाळ्यांची जबाबदारी बांडा नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होती. ते तलावाकाठच्या गावचे, त्यांच्या घरात सगळे मासेमार. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मोठ्याने हसून स्वतःची सुई काढून दाखवली. ती प्लॅस्टिकची होती, पण बांधा हुबेहूब माझाच! इतक्या दूर आपली बहीण भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नेत्राने त्याच दिवशी त्यांना बांडाकाका करून टाकलं, आणि त्यांनी जवळ्याची अर्धी पुडी संपवली.

काम असं होतं. त्या रानात इम्पाला नावाची हरणं भरपूर झाली होती. दूरच्या दुसऱ्या अभयारण्यात मात्र शिकाऱ्यांनी त्यांचा पार नायनाट केला होता. इथली काही हरणं धरून तिथे न्यायची, म्हणजे तिथे पुन्हा कळप वाढतील. त्यासाठी झाडीच्या कडेने उंच खांबांवर, लोखंडी आकड्यांना हिरवं जाळं टांगतात. माणसं गवतात लपतात. दुसरी माणसं कळपाला जाळ्याकडे पिटाळतात. हरीण धडकलं की जाळं आकड्यांवरून घसरून त्याच्या अंगावर पडतं, लपलेली माणसं धावतात, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि अलगद उचलून ट्रकमध्ये ठेवतात. ट्रक तीनच दिवस मिळणार होते. नंतर पावसाने कच्चा रस्ता बंद होणार, आणि मग सगळं पुढच्या वर्षावर जाणार.

पहिल्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं, पण ऐन वेळी वारा सुटला आणि जाळं आपलं आपणच खाली पडलं. कळप अर्ध्यातूनच फिरला. नेत्राला हे सहन होईना. जाळं असं ढिलं टांगतात का? आमच्याकडे भरतीच्या धारेत उभं करायचं जाळं खुंटाला असं घट्ट बांधतात की दर्या हलेल, पण जाळं हलणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे चहा पीत असताना, तिने कुणाला न विचारता मला घेतलं आणि एकूणएक आकड्यावर जाळं पक्क्या गाठीने बांधून टाकलं. माझ्या पोटातला निळा दोरा जवळजवळ संपला. खोटं कशाला बोलू, मलाही त्या गाठींचा अभिमान वाटला. दोघींनाही वाटलं, आज मैदान मारलं.

वारा सुटला, जाळं हललं नाही. कळप आला! उड्या काय त्या मित्रांनो! माणसाच्या डोक्यावरून जातील अशा. सगळ्यांत पुढचा नर जाळ्यावर आदळला. जाळं पडायला हवं होतं. ते पडलंच नाही. तो चेंडूसारखा मागे फेकला गेला, मागची हरणं त्याच्यावर आपटली, जाळं मधोमध टर्रकन फाटलं आणि सगळा कळप त्या भगदाडातून पसार झाला. तो नर लंगडत उठला आणि झाडीत गेला.

या कामाच्या प्रमुख चिसोमोबाई जाळ्यापाशी आल्या. त्यांनी एक निळी गाठ बोटाने चाचपली. "हे कुणी बांधलं?"

नेत्राने हात वर केला. "मी."

"कुणाला विचारलं होतंस?"

"नाही."

"उद्या तू ट्रकजवळ थांब," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या कामासाठी एवढ्या लांबून बोलावलं, त्याच कामात पोरीने माती खाल्ली होती. तिचे डोळे भरून आले. मी तिच्या मुठीत होते. मला धाकूची फार आठवण आली.

बांडाकाका शेजारी येऊन बसले. "पाण्यातलं जाळं उभं राहावं लागतं," ते म्हणाले. "हे पडावं लागतं. आम्हा पाण्यातल्या माणसांना हे कळायला वेळ लागतो. मलाही लागला होता."

"पण वाऱ्याने पडतं त्याचं काय?"

"त्याचं उत्तर मलाही सापडलेलं नाही."

भगदाड सांधायला घेतलं तेव्हा ऊन टळटळीत होतं. एका बाजूने बांडाकाका, दुसऱ्या बाजूने नेत्रा. तिने माझ्या पोटात तिथला हिरवा दोरा भरला. किती वर्षांनी मी एवढी धावत होते! आत, बाहेर, ओढ, गाठ. आत, बाहेर, ओढ, गाठ. दोघांची बोटं मध्यावर येऊन भिडली आणि नेत्रा एकदम थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका, होडीची गाठ!" ती ओरडली. "होडीची गाठ मारायची!"

तिने एका आकड्यावर ती गाठ मारून दाखवली. धक्क्याला होडी बांधतात ती, एक टोक ओढलं की सुटणारी. आणि ते ओढायचं टोक तिने खाली जाळ्यालाच बांधलं. वाऱ्याने जाळं नुसतं हलेल, गाठ धरून ठेवील. पण हरीण धडकलं की जाळं खाली खेचलं जाईल, टोक ओढलं जाईल आणि गाठ आपली आपण सुटेल. बांडाकाकांनी जाळ्यावर जोराने खांदा दिला. सुर्रकन गाठ सुटली आणि जाळं त्यांच्या डोक्यावर! आतून ते खो खो हसत होते.

या वेळी नेत्रा आधी चिसोमोबाईंकडे गेली. त्यांनी दहा वेळा जाळं पाडून पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळ्या आकड्यांना बांध. आणि उद्या तू ट्रकजवळ नाही, जाळ्याजवळ."

तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला होता की टोप्या उडत होत्या. जाळं मात्र आकड्यांवरून सुटलं नाही. मी नेत्राच्या शर्टाच्या खिशात होते, ती गवतात पालथी पडलेली. जमीन थरथरू लागली. खुरांचा आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि धाड! गाठी सटासट सुटल्या, जाळं कोसळलं, आणि सगळे ओरडत धावले. नेत्राने एका मादीवर झेप घेतली, तिला अलगद दाबून धरलं, डोळ्यांवर पट्टी बांधली. त्या दोघींच्या मध्ये मी होते. एका बाजूने नेत्राचं काळीज धडधडत होतं, दुसऱ्या बाजूने हरणीचं. साठ वर्षांत मी पुष्कळ मासे पाहिले, पण असं कधी अनुभवलं नव्हतं. त्या दाबात माझं टोक कट्कन मोडलं, आणि देवाशपथ सांगते, मला काही वाटलं नाही. एकवीस हरणं धरली. एकाही हरणाला ओरखडा नाही. लंगडणारा नरही संध्याकाळी पाण्यावर दिसला, बराच नीट चालत होता. त्याला पाहून नेत्रा पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता खरं तर गोष्ट संपायला हवी. पण घरी आल्यावर सुगंधाने काय केलं, तर मला शोकेसमध्ये ठेवलं, काचेच्या आत. एका बाजूला नेत्राच्या शाळेतला कप, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची फुलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने सांगायची, "ही बघा, आफ्रिकेला जाऊन आली." नेत्राही एकवीस हरणांची गोष्ट रंगवून सांगायची, त्यातला मधला दिवस मात्र गाळून. मला सगळे बघायचे, हात कुणी लावायचं नाही. कौतुकाचा असा कंटाळा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एक दिवस धाकू काठी टेकत आला, काच सरकवली आणि मला बाहेर काढलं. माझ्या पोटात हिरवा दोरा होता, नेत्राने निघताना भरलेला. तो त्याने पाहिला आणि मान डोलावली. मग त्याचा अंगठा माझ्या मोडक्या टोकावर थांबला.

"नेत्रा, मधला दिस कधी सांगत नाय तू. तिकडं काय चुकला गो तुझा?"

तिने सगळं सांगितलं. न विचारता बांधलेल्या गाठी, फाटलेलं जाळं, लंगडणारा नर. धाकूने माझ्यावरचा हिरवा दोरा बोटाने चाचपला.

"चुकला माझा," तो म्हणाला. "गाठी दोन शिकवल्या. कुठली कुठं मारायची, ता शिकवायचा राहिला."

"ते मी शिकून आले, आजोबा," नेत्रा म्हणाली. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

धाकूने चाकूने माझं टोक पुन्हा तासलं आणि अंगणात लहूचं, म्हणजे नेत्राच्या बाबांचं, फाटकं जाळं पुढे ओढलं. एका बाजूने तो बसला, दुसऱ्या बाजूने नेत्रा. आता वेसाव्याच्या समुद्रात एक निळं जाळं आहे आणि त्यात मध्येच हातभर हिरवा तुकडा आहे. दिसला तर मला आठवा.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्यात माझ्यासारखं एखादं जुनं माणूस, चुकले, एखादी जुनी वस्तू पडली असेल. तिला काचेत ठेवून तिचं कौतुक करू नका. तिला हातात घ्या, ती कशी वापरायची ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि चुकलं तर तेही त्यांना सांगा. आता मात्र मी थांबते. हिरवा दोरा संपला, आणि नेत्रा जेवायला बसण्याआधी माझं पोट भरते आहे.