झिपरीचे काळे दात

झिपरीचा बाप बस चालवायचा. भर गर्दीतून एवढं मोठं धूड अलगद काढणारा हा गडी लेकीच्या दातांपुढे मात्र हात टेकून बसला होता. पाच वर्षांच्या पोरीचे पुढचे दोन दुधाचे दात किडले होते. थंड पाणी लागलं की कळ यायची. मागच्या दवाखान्यात यंत्र घरघरलं, तशी तिनं डॉक्टरांच्या बोटालाच कडकडून चावा घेतला. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की स्वारी पलंगाखाली.

कशीबशी समजूत घालून त्यानं तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. सोबत त्याची मोठी बहीण होती.

बाईंनी दात नीट पाहिले. "कीड अजून खोल गेलेली नाही. यंत्र नको, सुई नको. चांदी आणि फ्लोराइडचं औषध आहे, ब्रशनं लावायचं. कीड तिथंच थांबते. पण आधीच सांगते, किडलेला भाग काळा पडेल, तो पुन्हा पांढरा होणार नाही. पुढे नवे दात येतील ते पांढरे."

"काळे? तेही पुढचेच?" आत्या उसळली. "लोक काय म्हणतील रे?"

"कळ लोकांना येत नाही ना, ताई," तो म्हणाला.

झिपरीनं बाईंना विचारलं, "दुखेल?"

"नाही. चव मात्र घाण आहे. खिळा चाटल्यासारखी."

पोरीनं क्षणभर विचार केला. "मग होऊ देत काळे," म्हणाली आणि आपली आपणच खुर्चीवर चढली.

बाईंनी ओठांना व्हॅसलीन लावलं, कापसानं दात कोरडे केले, इवल्याशा ब्रशनं औषध लावलं. झिपरीनं नाक मुरडलं, मुठी आवळल्या, पण आ केलेलं तोंड काही मिटलं नाही. तिच्या चपला छातीशी धरून उभ्या असलेल्या बापाला वाटलं, आपण इतक्या वर्षांत असं धीरानं काय केलं?

दात काळे पडले. कळही गेली. शाळेत कुणी 'काळदाती' म्हणालं, तर झिपरी म्हणायची, "माझी कीड मेली. तुझी?"

सहा महिन्यांनी औषधाचा दुसरा हात द्यायला तिघं पुन्हा गेली. बाकावर एक छोटी मुलगी आईला बिलगून हमसून हमसून रडत होती. झिपरी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं ओठ वर करून दात दाखवले.

"बघ. मी रडले नाही. जीभ मागे ठेवायची, म्हणजे चव कमी लागते. चल, मी हात धरते."

रडणं हुंदक्यांवर आलं. मग ती छोटी खरोखरच उठली, आणि दोघी हात धरून आत गेल्या.

"गुणाची पोर हो! कुणाची?" त्या आईनं विचारलं.

बाप सांगायला पुढे झाला. तेवढ्यात आत्याच ताठ होऊन म्हणाली, "कुणाची म्हणजे? आमची!"